पन्नासपट उजेड

कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली
९ ऑक्टोबर २०२४

चि. उझ्मा हिस
गोजरबाईचा आशीर्वाद.

तू पाठवलेलं खोकं सोमवारी मिळालं. सोमेश्वरचे कपडे, चष्मा, पुस्तकं, जेवणाचा डबा, पांघरूण, सगळं बराबर हाय. कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवलेस. न धुता पाठवले असते तरी चाललं असतं, पण तुला ते कसं कळावं.

तू दोन-तीनदा फोन केलास म्हणून ह्यांनी सांगतलं. राग मानू नको. ऑगस्टमदी बेंगळूरहून फोन आला तवा तो मीच उचलला होता. तवापासून कानाला फोन लावला की समोरचं बोलनं ऐकूच येत न्हाई, नुसतं घूं होतं. म्हणून लिहून राहिले. अंगणवाडीत जलमभर रजिस्टरं लिहिली, लिहायचा कंटाळा न्हाई मला. आपली वळख दवाखान्यातलीच. तू वसमतची हाईस आन सोमेशच्या संगं त्याच प्रयोगशाळेत शिकतीस, एवढंच मला माहीत.

एक इचारायचं हाय. पुस्तकांच्या मदी एक पारदर्शक डबी निघाली. आत नखाएवढा चकचकीत काळसर तुकडा हाय. डबीवर 'हात लावू नये' असं लिहिलंय, अक्षर त्याचंच. आमी हात लावला न्हाई. ते काय हाय? वापस पाठवायचं का? तुमाला लागत असंल.

आन दुसरं. आमी पोचलो तवा तो बोलत नव्हता. त्याच्या आदी तू जवळ होतीस. तो काय बोलला?

घरी बाया येतात, रड म्हनतात, मोकळी हो म्हनतात. मला येत न्हाई. सोयाबीन काढायला आलंय, तिकडं जाते.

गोजरबाई


बेंगळूर
२१ ऑक्टोबर २०२४

गोजरमावशी,
सलाम.

तुमचं पत्र मिळालं. कपडे धुवायला नको होते, हे माझ्या लक्षात आलं नाही. माफ करा.

डबी चुकून पुस्तकांत गेली. परत पाठवू नका. तो सरावाचा तुकडा आहे, इथं त्याचं काही काम नाही. तुमच्याजवळच राहू द्या.

ते काय आहे ते सांगते. अभ्रक पाहिलंय ना तुम्ही? नखानं खरवडलं की पापुद्रे निघतात. आमच्याकडे तसाच थराथरांचा एक स्फटिक असतो, टंगस्टन आणि गंधक यांचा. मोबाईलच्या चिपमध्ये सिलिकॉन असतं, तो अर्धवाहक; हाही त्याच जातीचा. त्याला चिकटपट्टी लावायची आणि ओढायची. पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची. असं करत करत पातळ पापुद्रा निघतो. तो सिलिकॉनच्या तुकड्यावर ठेवायचा, त्यावर नक्षी आखायची आणि नको तेवढा भाग वायूनं खाऊन टाकायचा. उरतात ते खांब. केसाच्या रुंदीवर दोनशे उभे राहतील एवढे बारीक. तुमच्याकडच्या तुकड्यावर असे हजारो आहेत, पण डोळ्यांना दिसणार नाहीत.

हे खांब म्हणजे अँटेना. पूर्वी घरावर टीव्हीचा अँटेना असायचा, तो हवेतल्या लहरी धरायचा. उजेड ही पण लहरच, फक्त फार बारीक, म्हणून त्याचा अँटेनाही बारीक. खांब उजेड आपल्यापाशी गोळा करतात. मग त्यांच्यावर तसल्याच स्फटिकाचा अगदी एका थराचा पापुद्रा पांघरला, की तो एरवीपेक्षा जास्त चमकतो. सोन्याचांदीचेही असे अँटेना करतात, पण धातू उजेड पिऊन टाकतो आणि तापतो. थरांचे हे खांब तेवढे पीत नाहीत. म्हणून जगात बरेच जण याच्या मागे आहेत. यातून पुढे अगदी थोड्या उजेडावर चालणारी यंत्रं होतील, असं आम्ही अर्जांमध्ये लिहितो.

खांब कोरायची इथली पद्धत सोमेश्वरची. आधी आमच्या खांबांच्या कडा फाटायच्या. त्यानं वायूंचं प्रमाण बदलून बदलून त्या सरळ आणल्या. आता इथं सगळे तीच पद्धत वापरतात.

मी ठीक आहे. जेवते, झोपते, कामाला जाते.

उझ्मा


कुरुंदा
१२ नोव्हेंबर २०२४

चि. उझ्मा,
आशीर्वाद.

तू चांगलं समजावून सांगतलंस. दोनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हनले, एवढ्या बारीक खांबासाठी एवढ्या लांब कशाला जायचं. मंग डबी हातात धरून बराच वेळ बघत बसले.

दुसऱ्या सवालाचं उत्तर तू दिलं न्हाईस. इसरलीस असं मला वाटत न्हाई.

गावातली एक गोष्ट सांगते. गुलाबसिंग सर म्हणून आहेत. शाळेच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर त्यांनी गावातल्या लेकरांसाठी अभ्यासिका काढली. सोमेशला लहानपणी त्यांनीच शिकवलं. ते परवा घरी आले. अभ्यासिकेत एक खोली बांधून राहिलेत, तिथं भिंग, लोहचुंबक, तराजू असं सामान ठेवायचं, लेकरांना प्रयोग करायला. त्या खोलीला सोमेशचं नाव द्यायचं म्हनतात. मी म्हनले, द्या. दुसरं काय म्हननार.

भिंतीवर काय लिहायचं ते सर इचारून राहिले. जुलैमदी सोमेशचा फोन आला व्हता. 'आई, पन्नासपट उजेड झाला!' म्हनला. मी म्हनले, कशाचा रे? तर हसायलाच लागला. असा हसलेला मी त्याला लई वर्षांत ऐकला नव्हता. ह्यांनी ते चावडीवर सांगतलं, तिथून सगळीकडं गेलं. आता वारंगा फाट्याला चहाच्या हॉटेलात बी लोक ह्यांना इचारतात, 'उजेड वाढवनारं पोरगं तुमचंच व्हतं का?' सरांना तेच भिंतीवर लिहायचंय. बरोबर कसं लिहायचं ते तू कळव.

थंडी पडली हाय. तुझी अम्मी, अमिनाबी, वसमतच्या बाजारात भेटली, दुकानदारानं वळख करून दिली. मला बघून रस्त्यातच रडायला लागली. मीच तिला धरलं.

गोजरबाई


बेंगळूर
२८ नोव्हेंबर २०२४

मावशी,
सलाम.

विसरले नव्हते.

रविवारी सकाळी त्याला दवाखान्यात नेलं. ताप होता, अंग दुखत होतं, पण बोलणं नेहमीचंच. डॉक्टरांनी गाव कुठलं विचारलं, तर हा त्यांना आपल्याकडे हळद किती होते ते सांगत बसला. डेंग्यू निघाला. सोमवारी दुपारनंतर प्लेटलेट उतरायला लागल्या. संध्याकाळी त्यानं डोळे उघडले आणि मला म्हणाला, "मंगळवारचा माझा नंबर आहे. रद्द करू नका." आमच्याकडे एक मोठं यंत्र आहे, त्यावर प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. मी म्हटलं, नाही करत. त्यानं मान हलवली. त्यानंतर तो जे बोलला ते मला कळलं नाही.

एवढंच आहे. त्यानं तुमचं नाव घेतलं, असं लिहावं म्हणून मागच्या पत्रात मी थोडी जागा सोडली होती. मग नाहीच लिहिलं.

भिंतीवर काय लिहायचं ते सरांनी थोडं थांबून ठरवलं तर बरं होईल. पन्नासपटीची मोजणी अजून चालू आहे. एकदा झालेलं पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं. सध्या फक्त नाव लिहिलं तरी छान दिसेल.

अम्मीनं तुम्ही भेटल्याचं सांगितलं. ती कुणाचंही ऐकून रडते. मला जमत नाही. इथं कुणी विचारलं, तू कशी आहेस, तर मी आज कोणतं काम झालं ते सांगते.

उझ्मा


कुरुंदा
३ जानेवारी २०२५

चि. उझ्मा,
आशीर्वाद.

खोटं लिहिलं न्हाईस ते बरं केलंस. तसं लिहिलं असतंस तर मला कळलं असतं. तापात तो कवाच आईला हाक मारायचा न्हाई. लहान असताना बी ताप चढला की 'माझी गोटी कुठं गेली' म्हनायचा. ह्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. ऐकलं, उठले आन बैलाकडं गेले.

सरांना थांबा म्हनले व्हते. पण पेमा पेंटर दुसऱ्या एका पाटीच्या कामाला गावात आला व्हता, तो परत कवा सापडंल म्हणून सरांनी त्याच्याकडून लिहूनच घेतलं. लाल अक्षरात: 'सोमेश्वर विज्ञान खोली. उजेड पन्नासपट वाढवणारा कुरुंद्याचा सुपुत्र.' लांबून बी वाचता येतं. मी रोज त्याच रस्त्यानं शेतात जाते. पहिल्या दिवशी थांबून वाचलं. आता न बघता जाते.

अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो म्हनं. त्या दिवशी कार्यक्रम ठरलाय. सर म्हनले, त्याच्यासंगं काम करणारी आपल्याच तालुक्यातली पोरगी हाय तर तिनंच लेकरांना दोन शब्द सांगावेत. मला बी वाटतं तू यावंस. मला तिथं बसून काय करायचं ते सुचनार न्हाई. तू बाजूला असलीस तर बरं.

हळद काढनीला आली. पान वाळून गेलं. कार्यक्रम आन काढनी एकदाच येनार.

लवकर कळव.

गोजरबाई


कुरुंदा
३० जानेवारी २०२५

चि. उझ्मा,

तुझं पत्र न्हाई. पोस्टात जाऊन इचारून आले.

मी इचार करून राहिले, काहून लिहीत नसंल पोरगी. तुझ्या घरच्यांना तू आमच्याकडं येनं, चारचौघांत सोमेशबद्दल बोलनं पटत नसंल, तर मी समजू शकते. जवान पोरगी, लोक काही बी बोलतात. लग्नाचं काही चाललं असंल तर आडकाठी नको. तसं असंल तर नुसतं 'जमत न्हाई' एवढं लिही. कारन लिहू नको.

गोजरबाई


बेंगळूर
८ फेब्रुवारी २०२५

मावशी,
सलाम.

तुम्ही समजलात तसं काही नाही. लग्नाचं काही चाललेलं नाही. अम्मी तर प्रत्येक फोनला म्हणते, आलीस की आधी कुरुंद्याला जाऊन ये.

मी लिहिलं नाही, कारण पन्नासपटीचा आकडा खरा नाही.

सोमेश्वरनं खांबांवर पापुद्रा पांघरला, त्यावर लेझर सोडला आणि कॅमेऱ्यानं फोटो काढले. फोटोत खांबांच्या जागी उजेड पन्नासपट दिसत होता. पण कॅमेऱ्याला फक्त कमी-जास्त कळतं. तो उजेड कुणाचा, हे कळायला त्याचे रंग वेगळे करून बघावे लागतात. ते काम मोठ्या यंत्रावर होतं. मंगळवारचा नंबर त्याचाच होता.

ऑक्टोबरमध्ये मी तोच तुकडा यंत्रावर लावला. आमच्या पापुद्र्याचा उजेड फक्त गडद लाल असतो, एका ठरावीक जागी. इथं पिवळ्यापासून लालपर्यंत सगळं पसरलेलं निघालं. तो स्फटिकाचा उजेड नव्हता. चिकटपट्टीचा डिंक होता. पापुद्रा सोलताना डिंक लागतो, तो धुतला तरी थोडा राहतो. खांबांवर साचला होता आणि लेझर पडला की तोही चमकत होता. मी दुसरे तुकडे लावून बघितले. तेच.

तुम्हाला नोव्हेंबरमध्ये 'मोजणी चालू आहे' लिहिलं तेव्हा मला हे जवळजवळ कळलेलं होतं. तुमचं जानेवारीचं पत्र आलं, लाल अक्षरांचं वाचलं, आणि मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. रोज खण उघडत होते, बंद करत होते.

चूक एकट्याची नाही. जुलैमध्ये ते फोटो आम्ही सगळ्यांनी बघितले. त्यानं पेढे आणले, मीही खाल्ले. रंग तपासले का, असं कुणीही विचारलं नाही. सगळ्यांना तो आकडा हवा होता.

त्याला शंका आली होती का, म्हणून तो मंगळवारचा नंबर धरून बसला होता का? 'हो' असं लिहावंसं मला फार वाटतं. पण मला माहीत नाही. तपासायला तर प्रत्येक तुकडा त्या यंत्रावर जातोच.

आमच्या मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझा स्वतःचा प्रबंधही त्याच आकड्याच्या आधारावर चालला होता, आता बरंचसं पुन्हा करावं लागेल. अम्मी म्हणाली, गेलेल्या माणसाची चूक कशाला उकरतेस. मला वाईट वाटायला पाहिजे, मावशी, ते कळतं. पण वाटत काहीच नाही. दिवसभर रबरी हातमोजे घातले की गरम-गार कळत नाही, तसं झालंय.

अठ्ठावीसला मी येऊ शकेन. पण त्या भिंतीखाली उभं राहून मला ते सांगता येणार नाही. काय करायचं ते तुम्ही ठरवा. तुम्ही म्हणालात की येऊ नको, तर येणार नाही.

उझ्मा


कुरुंदा
२ मार्च २०२५

चि. उझ्मा,
आशीर्वाद.

तुझं पत्र वीस तारखेला पोचलं. उत्तर पाठवून ते तुला वेळेत मिळालं नसतं, म्हणून मी जे करायचं ते केलं. आता सांगते.

पत्र वाचलं आन घडी घालून कमरेला खोचलं. हळदीच्या वावरात बाया कामाला व्हत्या, त्यांना पानी नेऊन दिलं. संध्याकाळी अभ्यासिकेत गेले. पेमा पेंटर तिथंच दाराला रंग देऊन राहिला व्हता. मी म्हनले, "सर, भिंतीवरचं पुसा."

"काहून?"

"तो आकडा खोटा निघाला."

सरांना पत्र दिलं. त्यांनी उभ्यानंच वाचलं. मंग चष्मा काढला आन हळूच म्हनले, "गोजरबाई, हे त्या पोरीला माहीत, तुमाला माहीत, मला माहीत. चौथ्याला काय करायचं? इथं कोन मोजायला येनार हाय? लेकरांना एक नाव पाहिजे डोळ्यासमोर. राहू द्या. चालतंय."

उझ्मा, 'चालतंय' म्हनले आन मला काय झालं ते मला सांगता येत न्हाई. मी वरडले. सरांवर, ज्यांच्यापुढं मी कवा पदर सरळ केल्याशिवाय उभी राहिले न्हाई. काय बोलले ते मला नीट आठवत बी न्हाई, पेमानं नंतर सांगतलं. मी म्हनले म्हनं, "माझं पोरगं गेलं ते बी चालतंय का? चालूनच राहिलंय की सगळ्यांचं! माझं बी चालूनच राहिलंय! सोयाबीन निघालं, हळद निघाली, सगळं बराबर चालूनच राहिलंय!" लेकरं पुस्तकं टाकून बाहेर आली. सर खुर्चीवर बसले. "पुस रे," असं पेमाला म्हनले आन डोळ्याला रुमाल लावला. त्यांचं बी पोरगंच व्हतं ते एका हिशोबानं.

पेमानं वरची ओळ ठेवली, खालच्या ओळीवर चुना मारला. पहिल्या हातातून लाल अक्षरं दिसत राहिली, म्हणून दुसरा हात मारला.

अठ्ठावीसला सर मला म्हनले, आता तुमीच बोला. मी उभी राहिले. अंगणवाडीतल्या लेकरांना सांगते तसं सांगतलं. खांब कसे करतात, उजेड कसा धरतात. मंग सांगतलं की सोमेशदादाला वाटलं उजेड पन्नासपट झाला, पण तो डिंकाचा उजेड व्हता, आन ते त्याच्या मैतरनीनं शोधून काढलं. मंग पुढं बसलेली एक पोरगी, पुनम तिचं नाव, तिनं हात वर केला. "मंग दादा नापास झाले का?"

मी म्हनले, "न्हाई. पेपर अर्धा राहिला."

"मंग खरं किती पट हाय?"

मला माहीत नव्हतं. मी म्हनले, इचारून सांगते.

तर आता तू सांग. खरं किती पट हाय?

त्या दिवशी वरडल्यावर मला वाटलं, आता रडू येईल, घरी जाऊन दार लावून घ्यावं. घरी गेले, दार लावलं, बसले. काही आलं न्हाई. मंग चूल पेटवली.

तू खनात पत्र ठेवलंस त्याचा मला राग न्हाई. पन परत असं करू नको. वाट बघायची आता मला सवय राहिली न्हाई.

गोजरबाई


बेंगळूर
२० एप्रिल २०२५

मावशी,
सलाम.

तुम्हाला उत्तर द्यायला वेळ लागला, कारण उत्तर करावं लागलं. पुन्हा सगळे तुकडे नव्यानं तयार केले. डिंक उरू नये म्हणून धुवायची पद्धत बदलली, नंतर तुकडे तापवून घेतले. खांब सोमेश्वरच्याच पद्धतीनं कोरले. प्रत्येक तुकडा आधी रंग तपासून मगच मोजला.

सातपट. कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त, पण सातच्या आसपास. कुणीही केलं तरी येतं. मी करून बघितलं, मग दुसऱ्या विद्यार्थ्याकडून करवून घेतलं, त्यालाही तेच आलं. पुनमला सांगा. दुसऱ्यांनी यापेक्षा जास्त मिळवलंय, पण हे आमचं आहे आणि पक्कं आहे. खांबांच्या कडा सरळ नसत्या तर हेही मिळालं नसतं.

आता यावर आम्ही शोधनिबंध लिहितोय. त्यात सोमेश्वरचं नाव पहिलं असेल, कारण पद्धत त्याची. नावावर एक छोटी खूण असते, आणि पानाच्या तळाला लिहितात की हे आता हयात नाहीत. ती ओळ मी टाईप केली. स्पेलिंग तपासलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

एक गोष्ट मात्र अडली आहे. मी निबंधात एक परिच्छेद लिहिलाय: आमच्या पहिल्या तुकड्यांवर पन्नासपट उजेड दिसला, तो डिंकाचा होता, आम्ही फसलो, बाकीच्यांनी हे तपासावं. जगभर लोक हीच चिकटपट्टी वापरतात. कुणीतरी आत्ताही असाच आनंदात असेल. पण आमच्या सरांना तो परिच्छेद नको आहे. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "मुलगा गेला, आणि त्याच्या नावाखाली आपण त्याचीच चूक छापायची? त्याच्या आईवडिलांना काय वाटेल?" मी म्हटलं, मी त्यांना विचारते.

परिच्छेद काढून टाकता येईल. किंवा ठेवून असं मोघम लिहिता येईल, की चूक कुठं, कधी, कुणाची झाली ते कळणारच नाही. तुम्ही आणि काका सांगाल तसं.

जूनमध्ये सुट्टीत वसमतला येतेय. पहिल्याच आठवड्यात कुरुंद्याला येईन. अभ्यासिकेत काय बोलायचं ते आता मला सुचेल असं वाटतं.

उझ्मा


कुरुंदा
४ मे २०२५

चि. उझ्मा,
आशीर्वाद.

हळद शिजवली, वाळवली, ढोलात घालून घासून घेतली. वसमतच्या बाजारात गेली. अंगणात अजून पिवळं पडलंय, झाडलं तरी जात न्हाई.

पुनमला सात सांगतलं. ती म्हनली, "सात बी लई हाय की." सर म्हनले, चुन्याच्या जागेवर आता सातपट लिहून घेऊ, आता तर पक्कं हाय. मी नको म्हनले. तशीच राहू द्या ती जागा, लेकरं इचारतात इथं काय व्हतं म्हणून, मंग सांगता येतं.

जूनमदी ये. जेवायलाच ये. अमिनाबीला बी घेऊन ये.

तुझ्या सरांनी आमचा इचार केला, त्यांना माझा नमस्कार सांग. रात्री ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हनले, "त्यात आपल्या पोराचं काय काय हाय?" मी म्हनले, खांब करायची रीत हाय, नाव हाय, आन ती चूक हाय. हे म्हनले, "मंग ती काहून काढायची?"

मला बी तेच वाटतं. दोन दिवस इचार केला, मंग लिहायला बसले. चूक तशीच राहू दे. मोघम बी करू नका, त्याच्या नावासकट राहू दे. आता त्याच्या हातून नवीन काही होनार न्हाई, बरोबर बी न्हाई आन चूक बी न्हाई. त्यानं केलं तेवढंच हाय आमच्याजवळ. त्यातलं काही कमी करू नका.

गोजरबाई